मत्स्यविज्ञानाचं उच्चशिक्षण : धरणांच्या जिल्ह्यातल्या मुलांनी बारावीलाच ओळखायची वाट

नाशिक : गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, करंजवण, पालखेड, चणकापूर, गिरणा. जिल्ह्यातल्या धरणांची नावं मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. या प्रत्येक पाण्यात मासा आहे आणि त्यावर जगणारी कुटुंबं आहेत. तरीही बारावी सायन्सच्या पोराला ‘पुढे काय’ विचारलं तर मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी अ‍ॅग्री अशीच उत्तरं येतात. मत्स्यविज्ञानाचं नाव क्वचितच कुणी घेतं. हा विषय समुद्राकाठच्या लोकांचा, असा समज त्यामागे आहे.

हा समज महागात पडतो. मासेमारीचं शाश्वत व्यवस्थापन आणि पाण्यातल्या जिवांचं संवर्धन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल, तर बहुतेक ठिकाणी त्याच शाखेची चार वर्षांची पदवी मागतात. बारावीनंतर साधी बीएस्सी केली आणि तिसऱ्या वर्षी या विषयाची आवड लागली, तर मुख्य दरवाजा बंद झालेला असतो. म्हणून ही माहिती पदवी झालेल्यांपेक्षा अकरावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना जास्त गरजेची आहे.

विषय नेमका काय?

मत्स्यशेती म्हणजे तळ्यात बीज सोडायचं, खाद्य द्यायचं, मासा वाढवून विकायचा. शाश्वत मत्स्यव्यवस्थापन त्याहून वेगळं. नदी, धरण, खाडी, समुद्र अशा मोकळ्या पाण्यात मासा किती आहे, दरवर्षी किती वाढतो, त्यातला किती काढला तर पुढच्या वर्षीही तेवढाच मिळेल, याचा हिशेब म्हणजे हा विषय.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कणगीतलं खायचं धान्य वेगळं आणि पेरायचं बियाणं वेगळं. बियाणं खाल्लं की पुढचा हंगाम गेला. धरणातल्या माशांचंही तसंच असतं, फक्त बियाणं डोळ्याला दिसत नाही. ते पाण्याखाली असतं आणि बहुतेक वेळा अंडी धरलेल्या मादीच्या पोटात असतं. मृग बरसला, ओढे-नाले वाहू लागले की मासा प्रवाहाच्या उलट वर चढतो. हे चढणीचे मासे पकडायला गावागावांत गर्दी होते. चवीला ते चांगले लागतात, पण नेमका तोच अंडी टाकायला निघालेला मासा असतो.

दुसरी बाजू संवर्धनाची. यात बाजारात न विकल्या जाणाऱ्या माशांचाही विचार असतो. पाण्यातला प्राणवायू, सांडपाणी, पाणवेली, बाहेरून आलेल्या माशांच्या जाती, नदीत अडवलेली वाट हे सगळं त्यात येतं.

देवळालीच्या नावाचा मासा

नाशिकचा या शास्त्राशी संबंध जुना आहे. सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा या दोन शास्त्रज्ञांनी १९३८ साली देवळालीच्या माशांवर लिहिताना दारणा नदीतल्या दोन नव्या जातींचं वर्णन केलं. होरा पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. या दोन जातींपैकी एकीचं शास्त्रीय नाव पॅरासिलोऱ्हिंकस प्रेटेरी, इंग्रजी व्यवहारात ‘देवळाली मिनो’. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून हे नाव पडलं. दुसरी जात पुंटियस फ्रेझरी. तिला इंग्रजीत दारणा नदीवरूनच ‘धरना बार्ब’ म्हणतात.

देवळाली मिनो आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. नामशेष होण्याआधीचा हा सर्वांत धोक्याचा वर्ग. मासा बोटाएवढा, वाहत्या पाण्यात दगडांच्या आधाराने राहणारा. त्याला बाजारभाव नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही.

दारणा पुढे निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते. तिथून खाली गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रज काळात बांधलेला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये या जागेला रामसर दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, क्षेत्र १,४३७ हेक्टर. पुढे लोणार आणि ठाणे खाडी या यादीत आले. रामसरच्या नोंदीत इथल्या महत्त्वाच्या जीवांमध्ये देवळाली मिनोचं नाव आहे. पर्यटक मात्र दुर्बीण घेऊन पक्षीच बघून जातात. ते पक्षी ज्या माशांवर जगतात, त्यांचा नियमित अभ्यास करायला शिकलेली माणसं लागतात.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा इथल्या मासेमारांकडून ऐकलेली नावंच शास्त्रीय नावांत घेतली. टॉर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस, मिस्टस सींगटी, सिऱ्हायनस फुलंगी ही नावं जगभरच्या पुस्तकांत आजही आहेत. म्हणजे या शास्त्राचा पाया आपल्याकडच्या भोई-कोळ्यांच्या ओळखीवर उभा राहिला. त्याच घरांतली पोरं हे शास्त्र शिकायला कमी जातात, हा उलटा प्रकार.

पहिली पायरी : बी.एफ.एस्सी.

बॅचलर ऑफ फिशरी सायन्स म्हणजे बी.एफ.एस्सी., मुदत चार वर्षं. बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र हवं. भारतातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय १९६९ साली मंगळुरूला सुरू झालं. महाराष्ट्रातली मुख्य शासकीय महाविद्यालयं अशी :

• मत्स्य महाविद्यालय, शिरगाव, रत्नागिरी. १९८१ पासून. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली यांच्या अखत्यारीत.
• मत्स्य विज्ञान महाविद्यालय, नागपूर. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ म्हणजे ‘माफसू’च्या अखत्यारीत.
• मत्स्य विज्ञान महाविद्यालय, उदगीर, जि. लातूर. हेही माफसूचं.

नागपूर आणि उदगीर या दोन्ही गावांना समुद्र नाही. तलाव, धरण, शेततळं या गोड्या पाण्याच्या अभ्यासावर तिथे भर मिळतो आणि नाशिकच्या मुलाला तो उपयोगी आहे. रत्नागिरीला समुद्र, खाडी, कोळंबी, बोट, जाळं हे सगळं हाताशी मिळतं.

दापोली आणि माफसू ही दोन वेगळी विद्यापीठं असल्यामुळे प्रवेशाची प्रक्रिया एकच धरून चालू नये. कोणती प्रवेश परीक्षा ग्राह्य, कोणत्या तारखा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघावं. देशभरच्या महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या जागांसाठी सीयूईटी-यूजी ही परीक्षा असते. अनेक मुलं फक्त राज्याचा अर्ज भरतात आणि ही दुसरी संधी हातची घालवतात.

दुसरी पायरी : एम.एफ.एस्सी.

मास्टर ऑफ फिशरी सायन्स दोन वर्षांचं. पहिला भाग वर्गातला, नंतर स्वतःचं संशोधन आणि प्रबंध. पुढे पीएच.डी.

देशातली या विषयातली सर्वांत नावाजलेली संस्था नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं तर दुपारपर्यंत गाठता येते. मुंबईत अंधेरी-वर्सोव्याला असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. तिला सगळे ‘सीआयएफई’ म्हणतात. स्थापना १९६१, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९८९ मध्ये. इथे पदवी नाही, फक्त एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. आहे. देशभरातून मुलं इथे येतात. गोड्या पाण्यासाठी मध्य प्रदेशात पवारखेडा इथे संस्थेचं केंद्र आहे.

अशा राष्ट्रीय संस्थांमधल्या जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा एनटीए घेते. पूर्वी तिला एआयईईए-पीजी म्हणत, अलीकडे सीयूईटी आयसीएआर-पीजी असं नाव आहे. गुणवत्ता यादीत वर आलेल्यांना परिषदेची शिष्यवृत्तीही मिळते. राज्यातल्या महाविद्यालयांतही एम.एफ.एस्सी.च्या जागा आहेत, पण त्या मोजक्या.

दोन शाखा, नाशिकच्या भाषेत

एम.एफ.एस्सी.मध्ये बऱ्याच शाखा आहेत : मत्स्यसंवर्धन, खाद्य व पोषण, आजार, जनुकशास्त्र, प्रक्रिया, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण. ‘शाश्वत व्यवस्थापन आणि जलसंवर्धन’ या विषयाला जवळच्या दोन.

पहिली मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन. यात मासा मोजायला शिकवतात. पाण्यातला मासा एकेक करून मोजता येत नाही. मग बाजारात आलेल्या माशांची लांबी-वजनं घेतात, खवल्यावरच्या किंवा कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून वय काढतात, कोणत्या लांबीला मादी पहिल्यांदा अंडी धरते ते बघतात. त्यावरून जाळ्याचा आस किती ठेवावा, किती महिने मासेमारी थांबवावी, बीज किती सोडावं हे ठरतं. धरणात टाकायची बोटुकली चार इंचांच्या आत असली की मोठा मासा ती गिळतो आणि संस्थेचा पैसा पाण्यात जातो, ही साधी गोष्टसुद्धा या अभ्यासातूनच पुढे आली.

दुसरी जलीय पर्यावरण व्यवस्थापन. पाण्याची तब्येत तपासणारी शाखा. माशाला बरं वाटायला पाण्यात लिटरमागे साधारण पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. शहराचं सांडपाणी, शेतातून वाहून आलेलं खत यामुळे शेवाळ आणि पाणवेली माजतात. पाणवेलीने पाणी झाकलं की ऊन आणि हवा दोन्ही अडतात. नाशिक शहराखालच्या गोदावरीत आणि नांदूरमध्यमेश्वरला पाणवेलीचं दुखणं जुनंच आहे. मशीनने ती काढता येते. पण ती परत का वाढते आणि खत-सांडपाणी कुठे अडवायचं, हे सांगायला या शाखेचा माणूस लागतो.

दोन्ही शाखांचा मेळ घालावा लागतो तो धरणावर. रोहू, कटला, मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरक टोचून अशा माशांची पैदास करून दाखवली आणि देशभर बीज मिळू लागलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. या बीजामुळे धरणांतलं उत्पन्न वाढलं, संस्था उभ्या राहिल्या. मात्र त्याच पाण्यातले खडशी, कोळस, शिंगटा, मरळ यांच्याकडे दुर्लक्ष झालं. त्यात चिलापी पसरला. बंदी असलेला थाई मागूर कुठे कुठे चोरून पाळला जातो आणि पुरात नदीत उतरतो. उत्पन्न ठेवून गावरान मासा कसा टिकवायचा, याचं तयार उत्तर पुस्तकात नाही. ते प्रत्येक धरणावर वेगळं शोधावं लागतं.

संस्था, अभयारण्य आणि पोट

या शिक्षणात समाजशास्त्रही आहे, आणि तो भाग कमी समजू नये. धरणातली मासेमारी सहकारी संस्थांना साधारण पाच वर्षांच्या ठेक्याने मिळते. ठेका संपायच्या वर्षी पुढच्याचा विचार कुणी करत नाही. जेवढं निघेल तेवढं काढलं जातं. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो. तिथे परवानगीशिवाय काही काढता येत नाही, त्यात मासेही आले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकणाऱ्या माणसाला एका कागदाने ‘चोर’ ठरवलं, की त्याला संवर्धन हा शब्दच नकोसा होतो.

पाण्याच्या वाटपाचंही तसंच. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावर दरवर्षी भांडण होतं. पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं अशी पाण्याची वाटणी चालते. उन्हाळ्यात मासा जगायला किती पाणी तळाशी राहिलं पाहिजे, हा आकडा बैठकीत मांडणारा माणूस क्वचित असतो. तो आकडा हातात असेल, तर संस्थेच्या सभासदांची बाजू नुसत्या विनंतीची राहत नाही.

बीएस्सी झालेल्यांचं काय?

प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेल्यांनी अगदी निराश व्हायचं कारण नाही. वाट वेगळी आहे, एवढंच. एमएस्सी प्राणिशास्त्रात मत्स्यविषय निवडता येतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गोड्या पाण्याची परिसंस्था आणि संवर्धन या विषयाचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. बंगळुरूच्या ‘अत्री’सारख्या संस्थांत नद्यांवर पीएच.डी. करता येते. संवर्धन आणि संशोधन हे ध्येय असेल तर ही वाट चांगली आहे. शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्यातल्या पदांसाठी मात्र जाहिरातीतली पात्रता आधी वाचावी, कारण बऱ्याच ठिकाणी मत्स्यविज्ञानाची पदवी लागते किंवा तिला प्राधान्य असतं.

परदेशात नॉर्वेच्या ट्रॉम्सो विद्यापीठात आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवस्थापन, नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात जलसंवर्धन व सागरी संपत्ती व्यवस्थापन असे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास विभागाच्या योजनेची चौकशी करावी. सुरगाणा, पेठ, कळवण, इगतपुरीच्या मुलांपर्यंत ही माहिती पोचली पाहिजे.

नोकरी मिळते का?

पालकांचा पहिला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. सरळ उत्तर : मिळते, पण गावात बसून नाही.

• राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी, सहायक आयुक्त ही पदं. भरती दरवर्षी निघेलच असं नाही.
• एम.एफ.एस्सी.नंतर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची एआरएस परीक्षा. त्यातून केंद्रीय संस्थांत शास्त्रज्ञ. धरणं आणि नद्यांवर काम करणारी बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था त्यातलीच एक.
• महाविद्यालयांत अध्यापन, कृषी विज्ञान केंद्रांत विषयतज्ज्ञ.
• खाद्य कंपन्या, बीजकेंद्रं, कोळंबी आणि निर्यात क्षेत्र. यासाठी आंध्र, गुजरात किंवा कोकणात जायची तयारी हवी.
• पाणथळ जागा आणि नद्यांवर काम करणाऱ्या संस्था, पर्यावरण अहवालांची कामं.

स्वतःचा व्यवसाय करायचा तर २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे. त्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवली गेली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. जिल्ह्यात शेततळी भरपूर आहेत; त्यांतल्या पाण्याचं आणि बीजाचं गणित सांगणारा सल्लागार इथे चालू शकतो.

आत्तापासून काय करावं?

१. अकरावीला जीवशास्त्र सोडू नये. फक्त गणित ठेवलेल्या मुलाला ही वाट मिळणं अवघड.
२. राज्याची आणि सीयूईटी अशा दोन्ही परीक्षांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर, अधिवास ही कागदं आधीच काढावीत.
३. प्रवेशाआधी एकदा जवळच्या धरणावर संस्थेची होडी पहाटे परत येते तेव्हा जावं. चिखल, वास, थंडी सहन होते का ते कळतं. हा एसीत बसायचा अभ्यास नाही.
४. घरात मासेमारी असेल तर आजोबा-आजीला विचारून माशांची गावची नावं, कोणता मासा कुठे, कोणत्या महिन्यात मिळायचा, हे लिहून काढावं. पुढे प्रबंधाला हीच माहिती कामी येते. कोणता मासा मिळायचा बंद झाला, हे फक्त त्यांनाच माहीत आहे.
५. मुलींनी हा विषय पोरांचा समजू नये. बाजारात मासा विकणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. माशाची पारख त्यांच्याच हातात असते.

प्रवेश, बीजपुरवठा आणि योजनांची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात करता येते. महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका संबंधित विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर दरवर्षी येतात.

सिंहस्थ जवळ आला आहे, गोदावरीच्या स्वच्छतेवर पुन्हा बोललं जाईल. नदी स्वच्छ झाली की नाही हे घाटावरून कळत नाही. आत मासा आहे का, कोणता आहे, त्याने अंडी टाकली का, यावरून कळतं. ते वाचायला शिकवणारी पदवी आहे, आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या आसपासच भरायचा असतो.